देशाकडे ३७८ अब्ज टन कोळसा, मग सोलापुरात बॉयलरला तो एवढा महाग का पडतो?

अक्कलकोट_रोड:
नमस्कार मंडळी. आमचं एमआयडीसीत सूत रंगवायचं युनिट आहे, टॉवेल आणि चादरीवाल्यांचं काम. बॉयलर दोन टनी, म्हणजे तासाला दोन टन वाफेचा, कोळशावरचा. कोळसा कधी यवतमाळच्या वणीकडून ट्रकने येतो, कधी बंदरावर उतरलेला इंडोनेशियन. रंग-केमिकल सोडलं तर सगळ्यात जास्त पैसा या इंधनातच जातो.

आमच्या धंदेवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. भारताकडे ३७८ अब्ज टन कोळसा आहे, आपण वर्षाला अब्जभर टन काढतो, म्हणजे साडेतीनशे वर्षं काळजी नाही. आकडे तपासले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा १ एप्रिल २०२३ चा आकडा ३७८ अब्ज टनांचाच आहे. २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन १०४ कोटी टनांच्या वर गेलं, हेही खरं. जगात आपल्या पुढे फक्त चीन.

मग त्याच वर्षी २४ कोटी टनांहून जास्त कोळसा बाहेरून का आणला? २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून पॅसेंजर गाड्या रद्द का कराव्या लागल्या? जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. मला पुढच्या महिन्यात ठरवायचंय की बॉयलर कोळशावरच ठेवायचा की ब्रिकेटवर (भुसा-चिपाडं दाबून केलेल्या कांड्यांवर) न्यायचा, म्हणून मनापासून विचारतोय.

वर्धाकाठ:
मी मूळची वणीची, लग्नानंतर सोलापुरात. भूशास्त्र शिकवते, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

३७८ अब्ज हा जमिनीखाली असलेल्या कोळशाचा अंदाज आहे. काढता येईल असा कोळसा म्हणजे हा आकडा नाही. त्यातला साधारण निम्माच 'सिद्ध' गटात येतो, म्हणजे जवळजवळ बोअर मारून खात्री केलेला. बाकीचा 'सूचित' आणि 'अनुमानित'. दोन बोअरमध्ये बरंच अंतर असतं आणि मधला थर तसाच असेल असं धरलेलं असतं. सिद्ध गटातलाही सगळा हाती लागत नाही. काही खूप खोल आहे, काही गावांच्या, नद्यांच्या, रेल्वेच्या आणि दाट जंगलांच्या खाली आहे. झारखंडातल्या झरियात १९१६ पासून जमिनीखाली आगी धुमसताहेत. भूमिगत खाणीत छत कोसळू नये म्हणून कोळशाचे खांब सोडावे लागतात, तो कोळसाही तिथेच राहतो. जगातले देश ज्या पद्धतीने साठे मोजून तुलना करतात त्यात भारताचा आकडा १११ अब्ज टनांच्या आसपास येतो. अमेरिका, रशिया, ऑस्ट्रेलिया, चीन आणि मग आपण. म्हणून ३७८ ला वर्षाच्या उत्पादनाने भागून वर्षं काढणं हा हिशेबच नव्हे.

दुसरी गोष्ट, कोळसा आहे कुठे? ओडिशा, झारखंड, छत्तीसगड या तीन राज्यांत मिळून सत्तर टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्राच्या वाट्याला साडेतीन टक्के, तोही सगळा विदर्भात: चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर. हा गोंडवाना काळातला कोळसा, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आपण सोलापूरकर त्यानंतर फार उशिरा आलेल्या लाव्हाच्या कातळावर बसलोय. विदर्भातले कोळशाचे थरसुद्धा पश्चिमेकडे याच काळ्या दगडाखाली दडत जातात.

तिसरी म्हणजे राख. आपल्याकडचा बहुतेक कोळसा झाडं जागच्या जागी गाडली जाऊन झालेला नाही. वाहत्या पाण्याने पालापाचोळा आणि लाकूड खोलगट भागात आणून टाकलं, सोबत गाळ-माती आली. ती माती कोळशाच्या कणाकणात मुरलेली आहे, धुवून सहज निघत नाही. म्हणून आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. त्याच कारणाने पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा आपल्याकडे कमी. चांगला म्हणावा असा मुख्यतः झरियातच. पोलाद कारखाने गरजेच्या बहुतांश कोकिंग कोळशासाठी ऑस्ट्रेलियासारख्या देशांवर अवलंबून आहेत. आयातीतला तो भाग उद्या देशातलं उत्पादन दुप्पट केलं तरी फारसा हटणार नाही.

अक्कलकोट_रोड:
ताई, एकदम नीट समजलं. पण वणीचा कोळसा तर आपल्याच राज्यातला. तो तरी स्वस्त का नसावा?

वर्धाकाठ:
कारण तो काढायलाच महाग पडतो. देशातला ९५ टक्क्यांहून जास्त कोळसा आता खुल्या खाणीतून निघतो. वरची माती-दगड आधी उचलायचा, मग कोळसा. ओडिशात महानदी कोलफिल्ड्सला एका टनामागे साधारण दीड घनमीटर माती हलवावी लागते. आमच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सला, म्हणजे नागपूरच्या कंपनीला, पाचच्या आसपास. डिझेल, स्फोटकं, डंपर, सगळं त्या प्रमाणात.

माझ्या माहेरच्या घराच्या गच्चीवरून पूर्वी नदीकाठची झाडं दिसायची. आता मातीचे डोंगर दिसतात, वर सपाट केलेले, उतारावर वेडी बाभूळ. दुपारी ब्लास्टिंगची वेळ झाली की आई फडताळातल्या काचेच्या बरण्या आत सरकवते. घुग्गुस-वणी रस्त्यावर दुचाकीने गेलं की रुमाल काळा होतो. तुमच्या दारात येणाऱ्या ट्रकच्या भावात हे कुठेच धरलेलं नाही, म्हणून लिहिते.

निवृत्त_सीएचपी:
मी राज्याच्या वीज कंपनीत कोल हँडलिंगला होतो. परळीला, नंतर चंद्रपूरला. आता जुळे सोलापुरात असतो. वाहतुकीचा भाग मी सांगतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राचंच उदाहरण घ्या. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १३२०. पहिला २०१७ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. पूर्ण भाराने दिवसभर चालले तर ३ कोटी १७ लाख युनिट होतात. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा. रोजचे वीस हजार टनांच्या वर गेले. मालगाडीच्या एका रेकमध्ये ५८-५९ वाघिणी, जवळपास चार हजार टन माल. म्हणजे रोज पाच रेक आत घ्यायचे, रिकामे करायचे आणि वेळेत बाहेर काढायचे. उशीर झाला की रेल्वेची डेमरेज, म्हणजे गाडी अडवल्याची आकारणी, सुरू.

आता हे रेक येणार कुठून? वणी पट्टा इथून चारशे किलोमीटरच्या पुढे, ओडिशातलं तालचेर हजाराच्या पुढे. एवढ्या अंतरावर हलक्या प्रतीच्या कोळशाचं रेल्वेभाडं खाणीवरच्या मूळ किमतीपेक्षा जास्त होतं. आणि ३५ टक्के राखेचा कोळसा म्हणजे दर शंभर वाघिणींमागे पस्तीस वाघिणी आपण दगडमाती वाहतोय. पूर्वी ५०० किलोमीटरच्या पुढच्या केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा पाठवायला मनाई होती. मे २०२० मध्ये केंद्राने ती अट काढून टाकली. माझ्या मते चुकीचं झालं. राख खाणीजवळच राहिली असती तर निदान रूळ तरी मोकळे झाले असते.

रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत वजनाने निम्मा कोळसा आहे. पॅसेंजरचं तिकीट स्वस्त राहतं त्यामागे या भाड्याचा मोठा हात आहे. आणि २०२२ ला जमिनीखालचा कोळसा संपला नव्हता. उन्हाळा लवकर आला, मागणी चढली, केंद्रांच्या आवारात साठे आधीच कमी होते, परदेशी कोळशाचे भाव युक्रेन युद्धाने भडकले, त्यामुळे मुंद्र्यासारखे आयात कोळशावर बांधलेले समुद्रकाठचे प्रकल्प मागे सरले आणि सगळा भार देशी कोळशावर आला. खाणीवर ढीग होते. न्यायला रेक आणि रूळ अपुरे पडले.

हवामान_मोहोळ:
काका, वाघीण रिकामी कशी करतात? लहानपणापासून गाड्या बघतोय, आत काय होतं ते कधी कळलं नाही.

निवृत्त_सीएचपी:
वॅगन टिपलर म्हणतात त्याला. वाघीण पकडून रुळासकट उलटी करतो, कोळसा खालच्या हॉपरमध्ये. हॉपरवर लोखंडी जाळी असते. तिच्यावर कोळशाबरोबर काय काय पडायचं: पाटीएवढे दगड, शॉवेलचे, म्हणजे खाणीतल्या खोदयंत्राचे, तुटलेले दात, लाकडी स्लीपरचे तुकडे. बेल्टवर चुंबक लावलेला असायचा, तो लोखंड उचलायचा. दगड माणसांनीच वेचायचे. एकदा का शॉवेलचा दात क्रशरपर्यंत गेला की रात्रभर काम.

पावसाळा सगळ्यात वाईट. ओला चुरा चुटमध्ये, म्हणजे कोळसा खाली सोडायच्या पन्हळीत, चिकटून बसतो, बेल्ट चालू आणि खाली काहीच पडत नाही. पोरं घण घेऊन चुटच्या पत्र्यावर बाहेरून ठोकत बसायची. कंट्रोल रूममधून फोन येतोय, बंकर (बॉयलरला कोळसा पुरवणारा कोठा) रिकामा होतोय, भार उतरवावा लागेल. बाहेर साठा महिन्याचा असला तरी आत बंकरला पाच तासांचा उरलेला असतो. उन्हाळ्यात उलट. ढीग नीट दाबला नाही तर आत हवा शिरते आणि कोळसा आपोआप पेटतो. सकाळी धूर दिसला की तेवढा भाग उकरून पसरायचा, पाणी मारायचं, पुन्हा डोझरने दाबायचा. कोळसा साठवून ठेवणं लोकांना सोपं वाटतं. पडून राहिला की त्याची उष्णताही कमी होत जाते.

होटगीचा_मी:
काका तुमचं सगळं बरोबर, पण आमच्या बाजूनं बी कोणी तरी बोलाय पायजे. वीस हजार टनातली पस्तीस टक्के राख म्हणजे रोजची सात हजार टन झाली की. ती कुठं जाती? सिमेंटवाले नेतात, विटावाले नेतात, रस्त्याच्या भरावात टाकायलेत, हे सगळं खरं आहे. पण उन्हाळ्यात राखेचा टँकर रिकामा होऊन जोरात गेला का मागं पांढरी रेघ उडती. आमचं द्राक्ष रस्त्याला लागून आहे. घडावर बसलेली राख पाण्यानं धुवायची तर पाणी कुठलं? व्यापारी घड हातात घेतो, बोट फिरवतो आणि दर पाडतो. कुणाची गाडी होती ते सांगता येत नाही, भरपाई कुणाकडं मागायची?

आणि पाणी. उजनीवरनं येतं ते. सोलापूर शहराला चार-पाच दिवसांनी नळ येतोय, आणि वीज केंद्राला रोज पायजे. अवर्षणाच्या भागात एवढा तहानलेला कारखाना आणायचाच कशाला, हा माझा सरळ प्रश्न आहे.

निवृत्त_सीएचपी:
प्रश्न रास्त आहे. २०१७ नंतर सुरू झालेल्या केंद्रांना दर मेगावॅट-तासामागे, म्हणजे हजार युनिटांमागे, ३ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा आहे. १३२० मेगावॅट पूर्ण भाराने चोवीस तास चाललं तर मर्यादेनुसार रोज साडेनऊ कोटी लिटरपर्यंत. शहरातलं सांडपाणी शुद्ध करून आधी वीज केंद्राला द्यावं आणि उजनीचं पाणी माणसांना, जनावरांना आणि शेतीला, याच मताचा मी आहे. केंद्राचं वीज दर धोरणही तसंच सांगतं: पन्नास किलोमीटरच्या आतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी औष्णिक केंद्रांनी वापरावं.

राखेचं म्हणाल तर पहिली अधिसूचना १९९९ ची. २०२१ च्या शेवटी नवीन आली, त्यात शंभर टक्के वापर आणि न केल्यास भुर्दंड. झाकून वाहतूक करणं बंधनकारक आहेच. गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. सोलापूर शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्याचा उल्लेख जरूर करा.

होटगीचा_मी:
पत्त्यासकट अर्ज लिहून द्या काका, मी गावातल्या दहा जणांच्या सह्या घेतो.

केंद्र इथंच का, हे कोणी सांगितलं नाही अजून.

सहवीज_माळशिरस:
त्याचं एक कारण तारा. रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी २०१३ च्या अखेरीस जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. त्याआधी दक्षिण वेगळी चालायची. सोलापूर हा त्या सांध्यावरचा बिंदू आहे. इथे वीज तयार झाली की चारी दिशांना पाठवता येते. अर्थात तार आहे म्हणून पाणी आपोआप येत नाही, होटगीच्या दादांशी मी सहमत आहे.

मी साखर कारखान्यात सहवीजला आहे, म्हणजे चिपाडं जाळून वाफ आणि वीज करतो तिथे. एक आकडा सांगतो, बऱ्याच लोकांना माहीत नसतो. कोल इंडिया दगडी कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा प्रती लावते, दर तीनशे किलोकॅलरीला एक पायरी. जी-१ म्हणजे किलोला ७००० च्या वर, जी-११ म्हणजे ४००० ते ४३००, सगळ्यात खालची जी-१७ म्हणजे २२०० ते २५००. आमचा बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वजनात निम्मं पाणी असूनही २२०० च्या आसपास देतो. म्हणजे देशातला सगळ्यात हलका कोळसा आणि उसाची चिपाडं उष्णतेत जवळजवळ सारखीच, आणि बगॅसमध्ये राख दोन-तीन टक्के. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. तो सगळा बगॅस इथल्या इथे.

अडचण एवढीच की गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा, ऊस कमी पडला तर त्याहून कमी. शिल्लक बगॅस साठवायला जागा लागते आणि आगीचा धोका मोठा.

सौर_मंगळवेढा:
मग सूर्याचं काय? २०२५ च्या मध्यात देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर पोचला. आपल्याकडचं ऊन तर सांगायलाच नको. कोळशावर एवढी चर्चा करण्यात शक्ती घालवू नये असं माझं मत.

निवृत्त_सीएचपी:
क्षमता निम्मी झाली, तयार होणारी वीज नाही. अजूनही दर चार युनिटांतली जवळपास तीन कोळशाचीच आहेत. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला पोचली. दुपारचा भाग सौरने पेलला, पण संध्याकाळी सातला पंखे-कूलर चालू आणि सूर्य मावळलेला, तेव्हा कोळशाचे संचच चढवावे लागतात. दुपारी ते ५५ टक्क्यांपर्यंत उतरवायचे, संध्याकाळी पुन्हा वर. या चढउताराने नळ्या फुटतात, कोळसा युनिटमागे जास्त लागतो. सौरला माझा विरोध नाही. साठवणूक मोठ्या प्रमाणावर येईपर्यंत माझ्यासारख्यांचे सहकारी रात्रपाळीला लागणारच आहेत, त्यांना विसरू नका.

लांबून कोळसा आणणाऱ्या केंद्राची वीज दरामुळे यादीत खाली जाते. कुणाची वीज आधी घ्यायची ती ही यादी, मेरिट ऑर्डर म्हणतात; तिच्यात स्वस्त आधी. म्हणून खाणीच्या तोंडाशी असलेलं केंद्र भरून चालतं आणि आपल्यासारख्या ठिकाणचं बऱ्याचदा कमी भाराने. स्थिर आकार, म्हणजे केंद्र कमी चाललं तरी द्यायचा ठरलेला खर्च, मात्र ग्राहकाला द्यावाच लागतो.

अक्कलकोट_रोड:
खूप काही हाती लागलं. आता माझ्या व्यवहाराकडे येतो. दोन दर आलेत. एकजण इंडोनेशियन माल ५००० कॅलरीचा (किलोला किलोकॅलरी) म्हणून देतो, दुसरा वणीकडचा ३८०० चा. भाव अनुक्रमे ७००० आणि ५००० टनाला धरा. हिशेबाने वणीचा थोडा स्वस्त पडतो, पण फायरमन म्हणतो इंडोनेशियनच घ्या, क्लिंकर (राख वितळून धरलेली ढेकळं) कमी. कुणाचं ऐकू?

बॉयलर_फर्स्टक्लास:
आधी विक्रेत्याला विचारा की ५००० कॅलरी कशावर? हवेत वाळवलेल्या नमुन्यावर की ट्रकमध्ये आला तसा? सगळी गोम इथे आहे. इंडोनेशियन कोळशात राख कमी पण पाणी भरपूर. समजा वाळवलेल्या नमुन्यात ओलावा १४ टक्के आणि ट्रकमधल्या मालात २८ टक्के. तर ५००० गुणिले ७२ भागिले ८६, आले ४१८६. तुम्ही पैसे ५००० चे दिले, भट्टीत गेले ४१८६. दहा लाख किलोकॅलरीला १४०० रुपये वाटत होते ते १६७० च्या वर गेले. वणीच्या मालालाही हाच प्रश्न विचारा. तिथे ओलावा कमी म्हणून फरक कमी पडेल, पण पडेल.

फायरमनचं म्हणणं उडवून लावू नका. जास्त राखेच्या कोळशात शेगडीवर पोळा धरतो, तो सळईने फोडून ओढायला दार उघडावं लागतं. तितका वेळ थंड हवा आत, वाफेचा दाब खाली. रंगाच्या यंत्रात सुताचा लॉट असेल तर रंगाची छटा बदलते आणि अख्खा लॉट पुन्हा. तो तोटा कोळशाच्या बिलात दिसत नाही.

कराचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टनामागचा ४०० रुपये भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. उपकर स्वस्त कोळशाला जड जायचा, १८ टक्के महाग कोळशाला जड जातात. तुमच्या सीएकडून भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट किती वळतं ते बघून घ्या, त्याशिवाय दोन्ही दरांची तुलना करू नका.

आणि वर्षाला दहा हजार टनांच्या आत गरज असलेल्या छोट्या कारखान्यांना राज्याने नेमलेल्या संस्थेमार्फत कोळसा मिळायची सोय आहे. कागदपत्रांचा त्रास आहे, पण चार-पाच युनिटांनी मिळून अर्ज केला तर जमतं.

सहवीज_माळशिरस:
ब्रिकेटचाही दर मागवा, पण हंगाम संपल्यावरचा मागवा. जानेवारीतला दर बघून बॉयलर बदलाल आणि ऑगस्टमध्ये अडकाल. शेगडी अशी करून घ्या की दोन्ही चालतील.

अक्कलकोट_रोड:
दोन्ही चालतील अशी शेगडी, हे पटलं. नमुना कसा काढायचा ते कुणी सांगेल का? मागच्या वेळी विक्रेत्यानेच पिशवी भरून दिली होती.

बॉयलर_फर्स्टक्लास:
विक्रेत्याची पिशवी घेऊ नका. ट्रक रिकामा होत असताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, वरून-खालून, दहा-बारा ठिकाणचे फावडे काढा. फक्त ढेकळं नाही आणि फक्त चुराही नाही, जसं पडेल तसं. स्वच्छ पत्र्यावर ओतून बारीक करा, शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाकून द्या. किलो-दोन किलो उरेपर्यंत हेच. लगेच जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत हवाबंद, नाहीतर सोलापूरच्या उन्हात ओलावा उडून जाईल आणि लॅबचा आकडा विक्रेत्याच्या बाजूने येईल. तीन पिशव्या करा: एक लॅबला, एक विक्रेत्याला, एक दोघांच्या सहीने सीलबंद तुमच्याकडे. लॅबला एकूण ओलावा, राख आणि आला तशा मालाची जीसीव्ही (एकूण उष्णतामूल्य), तिन्ही लेखी मागा.

अक्कलकोट_रोड:
शनिवारी वणीची गाडी येतेय. याच पद्धतीने काढतो, इंडोनेशियनचीही एक गाडी मागवतो आणि दोन्हीचे रिपोर्ट इथेच टाकतो. होटगीच्या दादा, अर्जावर माझीही सही घ्या.